मोतीबिंदूला शिबिर, साखरेच्या डोळ्याला कोण? पारोळा तालुक्यात लेझरची वेळ का हुकते

पारोळा : तालुक्यात मोतीबिंदूचं शिबिर लागलं की बातमी दवंडीसारखी पसरते. मोबाईलवर मेसेज फिरतो, आशाताई घरोघरी सांगतात, गाडी येते. म्हातारी माणसं जातात, काळा चष्मा लावून परत येतात आणि आठवडाभरात पेपर वाचायला लागतात. त्यामुळे डोळ्याचा इलाज म्हणजे मोतीबिंदू आणि इलाज झाला म्हणजे दिसायला लागणार, हे गणित गावात पक्कं बसलं आहे.

साखरेचा डोळा या गणितात बसत नाही. त्यात डोळ्याच्या मागचा पडदा खराब होतो. सुरुवातीला दुखत नाही, लाल होत नाही, बरीच वर्षं अंधुकही दिसत नाही. आणि त्यावरचं जे लेझर आहे, ते गेलेली नजर परत आणण्यासाठी नसून उरलेली वाचवण्यासाठी असतं. म्हणजे माणसाला चांगलं दिसत असतानाच त्याला दवाखान्यात नेऊन बसवायचं. तालुक्यात सगळं घोडं इथंच अडतं.

हजार माणसांच्या गावाचा हिशेब

साखरेचा आजार शहराचा, खुर्चीवर बसणाऱ्यांचा, हा समज आता सोडावा लागेल. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ च्या जूनमध्ये जाहीर झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. शहरात वीस वर्षांवरच्या शंभर माणसांत १६.४, तर खेड्यात ८.९ असं हे प्रमाण आहे.

दुसरी एक मोठी पाहणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. चाळिशीच्या पुढच्या मधुमेही लोकांचे पडदे त्यात तपासले होते. शंभरात १२ ते १३ जणांच्या पडद्यावर साखरेचा परिणाम दिसला आणि चौघांची नजर धोक्यात होती.

हे आकडे एखाद्या गावाला लावून पाहू. मोठी माणसं हजार असतील तर साखर असलेले साधारण ८९. त्यातले ११ जण पडद्यावर परिणाम झालेले. आणि आज ना उद्या नजर जाईल असे तीन-चार. दोन्ही पाहण्यांचे वयोगट वेगळे आहेत, त्यामुळे हिशेब ढोबळच आहे. पण गावात तीन-चार माणसं म्हणजे बोटावर मोजता येतील एवढी. ती शोधून काढणं अशक्य नाही. बहादरपूर असो, तामसवाडी असो की शेळावे, आशाताईला कोणाच्या घरी शुगरची गोळी चालू आहे हे बहुतेक पाठ असतं.

तरीही ती माणसं सापडत नाहीत. दिल्लीच्या एम्सने केलेल्या २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीच्या पुढच्या ज्यांना आपली साखर माहीत होती, अशा लोकांना पडद्याच्या तपासणीबद्दल विचारलं होतं. दहापैकी जवळपास नऊ जणांची ती तपासणी आयुष्यात एकदाही झालेली नव्हती.

चष्म्याच्या नंबरात पडदा दिसत नाही

चित्र साधारण असं असतं. पन्नाशीच्या शेतकऱ्याला सहा-सात वर्षांपासून शुगर आहे. गोळी चालू आहे, पण कापूस वेचणीत आठ दिवस खंड पडतो, लग्नसराईत पथ्य सुटतं. एक दिवस डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगतात, कोळ्याचं जाळं हललं तसं वाटतं. घरात चर्चा होते, "डोयाले जाळं येल शे, चष्मा बदली टाकू." चष्मा बदलतो. जाळं तसंच राहतं. मग कोणी सांगतं मोतीबिंदू असेल, पिकू द्या. त्यात वर्ष जातं. मोठ्या दवाखान्यात गेल्यावर कळतं की ते जाळं म्हणजे डोळ्यात उतरलेलं रक्त होतं.

यात चष्मेवाल्याची चूक नाही आणि शिबिराचीही नाही. नंबर काढण्याच्या यंत्रात पडदा दिसत नाही. बॅटरी मारून मोतीबिंदू दिसतो, त्याच्या मागचं दिसत नाही. पडदा बघायचा तर बाहुली मोठी करणारे थेंब टाकून डॉक्टरांनी आत पाहावं लागतं, नाहीतर पडद्याचा फोटो काढणारा कॅमेरा लागतो. मोतीबिंदू घट्ट असला तर तोही आडवा येतो. म्हणूनच साखर असलेल्या काही लोकांना मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट होऊनही दिसत नाही. बोल डॉक्टरला लागतो, खराब मात्र पडदा असतो.

नियम सोपा आहे. मोठेपणी होणारी साखर ज्या दिवशी सापडली, त्याच वर्षी पडदा तपासायचा आणि पुढे दरवर्षी एकदा. साखर कधी सुरू झाली हे नेमकं कोणालाच माहीत नसतं. रिपोर्टमध्ये येण्याआधी ती अंगात काही वर्षं राहिलेली असू शकते. साखर असलेल्या बाईला दिवस गेले, तर पहिल्या तीन महिन्यांतच डोळे दाखवायचे, कारण गरोदरपणात पडद्याचा आजार झपाट्यानं वाढू शकतो.

लेझर नेमकं करतं काय

वाढलेल्या साखरेनं पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या कमजोर होतात. काही पाझरतात, काही बुजतात. जिथं रक्त पोचत नाही तो पडद्याचा भाग उपाशी राहतो आणि रक्त मागण्याचे संदेश सोडतो. त्या संदेशामुळे नव्या रक्तवाहिन्या फुटतात, पण त्या कच्च्या असतात. खोकला आला, ओझं उचललं, कधी काहीच न करता त्या फुटतात आणि डोळा रक्तानं भरतो. पुढे तिथं वण धरतो आणि पडदा ओढून सुटा करतो. तिथून पुढे लेझरचं काम संपतं, मोठं ऑपरेशन लागतं आणि नजरेची खात्री राहत नाही.

लेझर त्याच्या आधीच्या टप्प्यावर असतं. पडद्याच्या कडेच्या भागावर प्रकाशाचे बारीक चटके देतात. जुन्या पद्धतीत एका डोळ्याला १,२०० ते १,६०० ठिपके, दोन-तीन बैठकांत. शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही. विहिरीचं पाणी उतरलं की कडेचं रान सोडून द्यायचं आणि मधलं पीक जगवायचं. डोळ्यातही कडेचा भाग सोडला की रक्ताची मागणी कमी होते, नव्या कच्च्या वाहिन्या सुकतात आणि वाचायला, माणूस ओळखायला लागणारा मधला भाग टिकतो.

ही कल्पना ग्रहणातून आली. ९ जुलै १९४५ रोजी युरोपात सूर्यग्रहण झालं. ते उघड्या डोळ्यांनी पाहिलेल्यांचे पडदे मधोमध भाजले. जर्मन डॉक्टर गेर्ड मायर-श्वीकेराथ यांनी अशा जळालेल्या पडद्याचा अभ्यास करताना उलटा विचार केला की हाच चटका मोजून-मापून दिला तर इलाज होईल. त्यांनी आधी उन्हाचा, मग झेनॉन दिव्याचा प्रकाश वापरला. १९६० मध्ये लेझरचा शोध लागला आणि त्या दशकाच्या अखेरीस आर्गन लेझर डोळ्यांसाठी वापरात आलं.

त्याचा पुरावाही पक्का आहे. अमेरिकेत सरकारी खर्चानं १,७०० हून जास्त रुग्णांवर मोठा अभ्यास झाला. प्रत्येकाच्या एका डोळ्याला लेझर दिलं, दुसरा तसाच ठेवला. १९७६ मध्ये निकाल आला. लेझर केलेल्या डोळ्यांत नजर पार जाण्याचं प्रमाण निम्म्याहून जास्त घटलं होतं. फरक एवढा स्पष्ट होता की दुसऱ्या डोळ्यालाही लेझर द्यायचं ठरलं. याला आता जवळपास पन्नास वर्षं होत आली. म्हणजे पारोळ्याच्या पेशंटला जे मिळत नाही ते काही नवलाईचं नाही, जुनं आणि पारखलेलं आहे.

"लेझर केलं आणि नजर गेली"

गावात लेझरचं नाव खराब व्हायला एवढं एक वाक्य पुरतं. त्यामागची तीन कारणं समजून घ्यायला हवीत.

पहिलं, लेझरनंतर दिसणं वाढत नाही. मोतीबिंदूची सवय असलेल्या घराला वाटतं, पैसे गेले, फरक काही नाही. खरं तर फरक न पडणं हाच इथं फायदा असतो.

दुसरं, माणूस उशिरा जातो. आत कच्च्या वाहिन्यांचं जाळं तयार झालेलं असतं, लेझरचा परिणाम व्हायला काही आठवडे लागतात, आणि मधल्या काळात रक्त उतरलं की दोष लेझरच्या माथी. एक बैठक झाली, दुसरी राहिली, असंही होतं. अर्धं लेझर म्हणजे अर्धंच कुंपण, गुरं उरलेल्या बाजूनं शिरतात.

तिसरं, लेझरचे तोटे खरोखर आहेत आणि ते आधी सांगितले जात नाहीत. रात्रीचं थोडं कमी दिसू शकतं, कडेचं दिसणं काहीसं घटू शकतं, काही दिवस पडद्याला सूज येऊन अंधुक वाटू शकतं. रात्रपाळीनं पिकाला पाणी भरणाऱ्याला आणि अंधारात मोटारसायकल चालवणाऱ्याला हे आधी सांगितलंच पाहिजे. आधी कळलं तर माणूस सांभाळून राहतो. नंतर कळलं तर फसवणूक वाटते आणि तो चार जणांना सांगतो.

इंजेक्शन आलं, मग लेझर कशाला?

अलीकडे डोळ्यात द्यायच्या इंजेक्शनची चर्चा आहे. नव्या वाहिन्या फुटवणारा संदेश हे औषध थांबवतं. पडद्याच्या मधोमध सूज आली असेल आणि नजर घटली असेल तर आज इंजेक्शनच पुढे आहे. त्यानं काही जणांची नजर सुधारतेही. कच्च्या वाहिन्यांसाठीही २०१५ मधल्या अमेरिकी अभ्यासात इंजेक्शन लेझरच्या तोडीस तोड ठरलं.

पण त्या अभ्यासातले पेशंट ठरलेल्या तारखेला येत होते. खानदेशात तारीख पाळणं सोपं नाही. जूनमध्ये पेरणी, ऑक्टोबरपासून वेचणी, दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली घरं थेट उन्हाळ्यात परत. इंजेक्शनचा परिणाम काही आठवड्यांचा, ते पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सहा महिन्यांहून जास्त काळ गायब झालेल्या रुग्णांची तुलना केली होती. ज्यांना फक्त इंजेक्शन मिळालं होतं त्यांच्यात पडदा ओढला जाण्याचं प्रमाण लेझरवाल्यांपेक्षा जास्त निघालं. लेझर एकदा पूर्ण झालं की त्याचा परिणाम बराच टिकतो, म्हणून मधे खंड पडला तरी त्याचा आधार राहतो.

याचा अर्थ इंजेक्शन वाईट असा नाही. अनेकांना दोन्ही लागतं. पण जो माणूस दर महिन्याला येऊ शकणार नाही त्यानं ते डॉक्टरांना आधीच स्पष्ट सांगावं. लाजून "येईन" म्हणायचं आणि वेचणीत अडकायचं, यात डोळा जातो.

अडतं कुठे?

पडद्याचं लेझर सहसा तालुक्याला मिळत नाही. यंत्र महाग आणि ते चालवणारा पडद्याचा डॉक्टर त्याहून दुर्मीळ. पारोळ्यातून धुळं ३५ किलोमीटरच्या आसपास, जळगाव त्याहून लांब. धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावात २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. हायवेवरून दिवसभर गाड्या चालू असतात. २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना एसटी मोफत आहे आणि २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. त्यामुळे भाडं हे खरं अडचणीचं कारण राहिलेलं नाही.

खरा खर्च रोजाचा आहे. बाहुली मोठी करायचे थेंब टाकल्यावर काही तास उजेड सहन होत नाही, जवळचं दिसत नाही, गाडी चालवता येत नाही. म्हणजे सोबत माणूस हवा. दोन माणसांचा रोज, दोन-तीन बैठका, दोन डोळे. वेचणीच्या दिवसांत हा हिशेब घरात मांडला की लेझर पुढच्या महिन्यावर जातं.

उपचाराच्या पैशांची सोय कागदावर तरी आहे. आताची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राजीव गांधी जीवनदायी नावानं धुळे जिल्ह्यात २०१२ ला आणि जळगावात २०१३ च्या नोव्हेंबरला आली. २०२३ साली सरकारनं ती सगळ्या कुटुंबांना खुली करून पाच लाखांपर्यंतचं संरक्षण देण्याचा निर्णय घेतला. १९७६ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातही साखरेच्या डोळ्याच्या उपचारासाठी स्वयंसेवी रुग्णालयांना प्रति रुग्ण २,००० रुपये अनुदानाची तरतूद आहे.

या सगळ्यात पैसा आहे तो उपचाराला. पेशंट शोधायला कोण आणि कशातून, हा प्रश्न राहतोच. मोतीबिंदूचा पेशंट स्वतः चालत येतो, कारण त्याला दिसत नाही. साखरेच्या डोळ्याचा पेशंट येत नाही, कारण त्याला दिसतं. एकाच पद्धतीच्या शिबिरात दोघं कसे सापडतील?

दुसरीकडे काय केलं

इंग्लंडनं २००३ पासून प्रत्येक मधुमेही माणसाला वर्षातून एकदा पत्र पाठवून पडद्याचा फोटो काढायची पद्धत सुरू केली. काम करत्या वयातल्या अंधत्वाचं तिथलं पहिल्या क्रमांकाचं कारण पन्नास वर्षं साखरेचा डोळा हेच होतं. २००९-१० च्या नोंदींत ते पहिल्या क्रमांकावरून खाली आल्याचं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं.

इंग्लंड लांब राहिलं, केरळ तर आपल्याच देशात आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात सरकारी कुटुंब आरोग्य केंद्रांत कॅमेरे बसवून नर्सना फोटो काढायला शिकवलं गेलं. फोटो ऑनलाइन जातो, तज्ज्ञ दुसरीकडे बसून पाहतो, ज्याला गरज आहे त्यालाच पुढे पाठवतात. १६ केंद्रांतून सुरुवात झाली. म्हणजे डॉक्टर गावात नसला तरी चालतं, फोटो गावातून निघाला पाहिजे.

तालुक्यानं काय मागावं

लेझर यंत्र पारोळ्यात द्या, ही मागणी ऐकायला चांगली आहे. पण ते चालवणारा डॉक्टर नसेल तर यंत्र धूळ खाईल. त्याआधी पडद्याचा फोटो काढणारा एक कॅमेरा आणि तो वापरणारा एक शिकलेला कर्मचारी मागावा. आठवड्याचा एक वार ठरवावा. तिशीच्या पुढच्या लोकांची साखर आणि बीपी तपासून नोंद करायचं काम आरोग्य केंद्रांत चालू आहेच. त्या वहीत "पडदा तपासला, तारीख" असा एक रकाना वाढला तरी कोण राहिलं ते दिसेल.

दुसरी मागणी गाडीची. मोतीबिंदूला गाडी येते तशी लेझरवाल्यांना ठरलेल्या दिवशी धुळ्याला किंवा जळगावला एक गाडी गेली, तर आठ-दहा पेशंटमागे दोन-तीन सोबती पुरतात. प्रत्येक घराचा दुसरा रोज वाचतो. हे ग्रामपंचायतीच्या, पतपेढीच्या, तरुण मंडळाच्या आवाक्यातलं काम आहे.

आणि पेशंटच्या हातातलं काम असं. शुगरची गोळी घेताना डॉक्टरला विचारायचं, माझा पडदा कधी तपासायचा? निघण्याआधी फोन करून लेझर त्या दिवशी चालू आहे का, आणि जन आरोग्य योजनेत बसतं का, हे रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला विचारायचं. योजनेची माहिती १५५३८८ या नंबरवर मिळते. रेशनकार्ड, आधार आणि शुगरचे जुने रिपोर्ट सोबत ठेवायचे. किती बैठका लागतील हे पहिल्याच दिवशी विचारायचं आणि शेवटची झाल्याशिवाय काम झालं असं समजायचं नाही. साखर आणि बीपी ताब्यात नसेल तर लेझर एकटं पुरत नाही, हेही लक्षात ठेवायचं.

डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके आले, पडदा सरकल्यासारखं वाटलं किंवा एका डोळ्यानं एकदम कमी दिसायला लागलं, तर वेचणी, बाजार, लग्न काही बघायचं नाही. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी निघायचं. आणि घरात सगळं ठीक दिसत असेल, तर एक डोळा हातानं झाकून दुसऱ्यानं दारावरचं कॅलेंडर वाचून बघावं. एका डोळ्याची नजर गेलेली दुसऱ्या डोळ्यामुळे कित्येक महिने कळत नाही. मात्र कॅलेंडर वाचता आलं म्हणून पडद्याची तपासणी टळत नाही.